'सॉरी म्हण' म्हटल्यावर भांडण मिटतं का?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. पटावर 34 मुलं. मधली सुट्टी संपली की 'बाई, यानं ढकललं', 'बाई, हिनं पेन्सिल घेतली' सुरू. दोघांना सॉरी म्हणायला लावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काय चुकतंय?

उत्तर : सॉरी म्हटलं की सुटका होते, एवढंच मुलं त्यातून शिकतात. सातव्या वर्षी रागासाठी हात तयार असतो, शब्द नसतो. तो शब्द भांडण नसताना द्यायचा. परिपाठानंतर दहा मिनिटं काढा, आठवड्याला तीनच शब्द घ्या. राग-आनंदावर थांबू नका. हिरमुसणं, रुसणं, धास्ती, हेवा हेही घ्या. खेळात न घेतल्यानं हिरमुसलेल्याला आणि पट्टी मोडली म्हणून चिडलेल्याला एकच उपाय चालत नाही. घरच्या बोलीतले शब्द मुलांनाच विचारा. ते पक्के बसतात.

तक्रार आली की आधी दोघांना पाणी पिऊ द्या, पाच संथ श्वास घेऊ द्या. मुठी आवळलेल्या असताना समजावलेलं डोक्यात शिरत नाही. मग प्रत्येकाची तीन वाक्यं : काय झालं, मला काय वाटलं, आता काय हवं. समोरच्यानं ऐकलेलं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, मगच त्याची पाळी. शेवटी सॉरीऐवजी भरपाई : सांडलेलं पुसणं, फाटलेलं पान चिकटवून देणं. 'आधी कोणी मारलं?' मात्र विचारू नका, मुलं लगेच साक्षीदार गोळा करतात!

एकाच मुलाला टोळकं रोज छळत असेल, तर ही पद्धत वापरू नका. समोरासमोर बसवल्यास ते मूल आणखी दबतं. आधी त्याच्याशी एकट्यानं बोला.

चिडलेल्या मुलाला शांत व्हायला वर्गात राखलेल्या जागेत, म्हणजे 'शांत कोपऱ्या'त, मुलानं आपणहून जायचं असतं. तुम्ही पाठवलंत की ती शिक्षा झाली. 'आज कसं वाटतंय?' हे सगळ्यांसमोर विचारलं, तर घरी मार खाल्लेलं मूलही हसरा चेहराच दाखवतं. म्हणून 'आज नको' म्हणायची मुभा ठेवा. मार किंवा भीतीबद्दल मूल काही बोललंच, तर मुख्याध्यापकांना सांगा. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे.

प्रश्न : पहिलीतला मुलगा शाळेबद्दल विचारलं की 'काही नाही' म्हणतो.

उत्तर : दारातच विचारू नका. खाणं झाल्यावर नेमकं विचारा : 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास?' तुमच्या दिवसातली एखादी फजिती आधी सांगितलीत, तर बहुतेक वेळा पुढचं तोच बोलतो.