लवाद व्हायचंय म्हणतेस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा बायोडेटा दोनदा वाचला. एलएलबी, कामगार कायद्यातली पदविका, चार वर्षं एचआरमध्ये. शेवटी विचारलंयस, मालक-कामगार वादात लवाद व्हायला एवढं पुरेल का? कायद्याला तेवढंही लागत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम १०अ आलं, त्यात लवादासाठी ना पदवीची अट होती ना वयाची. दोन्ही बाजूंनी लेखी करारात तुझं नाव घातलं की तू लवाद. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४२ खाली तीच वाट ठेवली आहे. घोडं पेंड खातं ते इथेच. युनियनची कमिटी आणि कंपनीचे संचालक यांना एकच नाव चालायला हवं. तू एचआरची, म्हणजे गेटवर तू ‘साहेबांची’.

निवृत्त न्यायाधीश, कामगार आयुक्तालयातले जुने अधिकारी, काही वकील, एवढ्यांतूनच बहुतेक लवाद निघतात. पण अहमदाबादच्या गिरणी संपात १९१८ साली लवाद म्हणून नेमले गेले ते आनंदशंकर ध्रुव, संस्कृतचे प्राध्यापक! कामगारांची शपथ होती ३५ टक्के वाढीशिवाय कामावर न जाण्याची, मालक २० वर अडलेले. गांधीजींच्या उपोषणानंतर तोड निघाली ती अशी : पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, आणि तिसऱ्या दिवसापासून निवाडा येईपर्यंत साडेसत्तावीस. पुढे ध्रुवांनी ३५ दिले, ते लोकांच्या लक्षात राहतं. मला मात्र ते पहिले दोन दिवस आवडतात. एक दिवस कामगारांची शपथ राखायला, एक दिवस मालकांचा शब्द राखायला. हिशेबाने बघितलं तर वेडेपणा, पण त्याशिवाय तिसरा दिवस उजाडलाच नसता.

आता माझी एक फजिती सांगतो. पत्रेकामाचा एक कारखाना, नाव नको. वाद उत्पादनाच्या नॉर्मचा. कंपनी म्हणे पाळीला २४०० नग निघालेच पाहिजेत, युनियन म्हणे १८०० च्या वर माणूस मोडतो. पहिल्या तारखेला धो धो पाऊस, रिक्षा मिळेना, म्हणून मी कंपनीच्या गाडीत बसून स्टेशनवर आलो. नेमकी पाळी सुटत होती. पुढच्या वेळी युनियनचा सेक्रेटरी, एरवी बोलघेवडा माणूस, ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे जाईना. तीन तारखा नुसते तक्ते इकडून तिकडे सरकले.

शेवटी मी दुसऱ्या पाळीला प्रेसशेजारी स्टूल टाकून बसलो. कंपनीची टाइम स्टडी, म्हणजे कामाला लागणाऱ्या वेळेची मोजणी, खोटी नव्हती, पण ती मशीन चालू असतानाची होती. क्रेट भरला की ऑपरेटर स्वतः तो ढकलत तपासणीच्या टेबलापर्यंत नेत होता, कारण हेल्पर वर्षापूर्वीच कमी केलेला. परत यायचं, हातमोजे चढवायचे, डाय (साचा) पुसायची, मग पायडलवर पाय. असे बावीस फेरे मी मोजले. कुठल्याच तक्त्यात ते नव्हते, युनियनच्याही नाही; त्यांना ते इतके अंगवळणी पडले होते की सांगायचं सुचलंच नाही. निवाड्यात नॉर्म जवळपास कंपनीचाच ठेवला, पण हेल्पर परत दिला तरच तो लागू. दोघंही कुरकुरले. कोर्टात कुणी गेलं नाही.

कायदा तुला येतोच, तरी दोन जागा सांभाळ. जुन्या कायद्याखालचा लवाद करार राजपत्रात छापून आल्याशिवाय पुढे गेलेल्यांचे निवाडे फुकट गेलेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती प्रसिद्धी अनिवार्य ठरवली. आणि बडतर्फीचं प्रकरण आलं तर गुजरात स्टील ट्यूब्स खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पूर्ण वाच, सारांश नको. जुन्या कायद्याच्या कलम ११अ ने शिक्षा कमी करायचा अधिकार कामगार न्यायालयांना दिला होता; त्यात लवादाचा उल्लेख नसतानाही तो अधिकार त्याला आहे, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कसं बसवलं ते बघ.

पोट मात्र लवादावर भरत नाही. ऐच्छिक लवाद आपल्याकडे फारसा रुजला नाही, हे गजेंद्रगडकरांच्या राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ सालीच नोंदवलं होतं. घर चालतं ते कामगारांवरच्या आरोपांच्या खात्यांतर्गत चौकशांवर, करारावेळच्या मध्यस्थीवर, आणि २०१३ च्या कायद्यापासून लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून जाण्यावर. तुझी सुरुवात चौकशीपासूनच होईल. तिथे फी कंपनी देते. आरोप सिद्ध होत नसतील तर तसं स्वच्छ लिही. कदाचित त्या कंपनीचं काम पुन्हा येणार नाही, पण गेटवर तुझं नाव वेगळ्या सुरात निघेल. ‘साहेबांची’ हा शिक्का पुसायचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

येत्या गुरुवारी अकराला माझी एक सुनावणी आहे. दोन्ही बाजूंना विचारलंय, तू मागे बसलीस तर त्यांची हरकत नाही. एसटीने ये, फाट्यावर उतर, मी तिथून चालतच जातो. आणि डबा घरून आण. कॅन्टीनचं ताट पुढे येईल, घ्यायचं नाही.

तुझा,
काका