झोन २ च्या नादात चालायला लागलास? आधी घड्याळाची सेटिंग बघ

अरे, हळू पळूनही झोन २ (ठोक्यांचा हलक्या पळण्याचा टप्पा) सोडून घड्याळ झोन ४ (जोरदार मेहनतीचा टप्पा) दाखवतंय म्हणून घाबरू नकोस, ते बिचारं फक्त गणित करतंय. बहुतेक घड्याळं तू दिलेलं वय २२० मधून वजा करतात आणि तोच तुझा मॅक्स हार्ट रेट (मिनिटाला जास्तीत जास्त ठोके) धरतात, म्हणजे चाळिशीच्या माणसाला १८०, पण हा नुसता सरासरीचा अंदाज आहे, प्रत्यक्षात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात आणि मग सगळेच झोन सरकतात.

दुसरी गोची म्हणजे टक्के कशाचे? गार्मिनमध्ये सुरुवातीला मॅक्सचे टक्के असतात, ॲपल वॉच हार्ट रेट रिझर्व्ह धरतं, म्हणजे मॅक्समधून रेस्टिंग (आरामात असतानाचे ठोके) वजा करायचा, त्याचे टक्के काढायचे आणि रेस्टिंग परत मिळवायचा. मॅक्स १८०, रेस्टिंग ६० धर, ७० टक्के एका पद्धतीने १२६ आणि दुसरीने १४४! त्यामुळे मित्राच्या घड्याळाशी तुलना करत बसू नकोस (मी वर्षभर हेच केलं, काय सांगू).

आता तू काय करायचंस, तर पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर घट्ट बांध, सैल असला की हिरव्या लाइटवाला सेन्सर कधीकधी पावलांचा ताल हृदयाचे ठोके म्हणून मोजतो. चढावर दमछाक होईपर्यंत पळून आलेला सगळ्यात मोठा आकडा मॅक्स म्हणून हाताने टाक, पण छातीचा काही त्रास किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचार, बीटा ब्लॉकर नावाच्या बीपीच्या गोळ्यांनी ठोके नेहमीइतके वाढत नाहीत. आणि पळताना पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, मग साधारण झोन २ च आहे, घड्याळ काहीही म्हणो.