क्लास बदलताय? आधी सरांना भेटा
दांडिया बाजारातला तायक्वांदोचा क्लास सोडून अलकापुरीत जायचं ठरलंय ना? मग तिकडे फी भरण्याआधी जुन्या सरांना भेटा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, बडोद्यात बातमी तुमच्याआधी पोचते. वर्ग संपून मॅट उचलल्या की दोन मिनिटं मागा. "सर, एक तारखेपासून दुसरीकडे जातोय, इथली वेळ जमत नाही," एवढंच. कारण एकच द्या, आणि खरं. तीन दिलीत की सर तिन्हींवर तोडगा काढतात आणि तुम्ही अडकता. बाकी फी चुकती करा, उसना चेस्ट गार्ड पुसून परत द्या. बेल्टची प्रमाणपत्रं तेव्हाच मागून घ्या, नंतर चकरा पडतात. कुक्कीवॉनकडे, म्हणजे तायक्वांदोच्या कोरियातल्या मुख्यालयाकडे, नोंदवलेला डॅन (ब्लॅक बेल्टची श्रेणी) क्लास बदलल्यानं जात नाही. रंगीत बेल्ट मात्र नवे सर पुन्हा तपासतील, कदाचित एक पायरी खालीही आणतील. तिथे हुज्जत नको. आणि गुरुपौर्णिमेला जुन्या सरांकडे जाच.