पश्चिमेचे ऊन आणि कचेरीतला अंधार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत आमच्या पतसंस्थेची दुमजली इमारत आहे, दर्शनी बाजू पश्चिमेला. खिडक्या सहा फूट रुंद, चार फूट उंच आणि वर दोन फुटी छज्जा. तरी दुपारी तीननंतर टेबलांवर ऊन उतरते. मग पडदे ओढायचे, दिवे लावायचे, आणि एसी चालू असूनही काउंटरपाशी उकडते ते उकडतेच. छज्जा आणखी फूटभर वाढवावा का?

उत्तर : वाढवू नका, पैसे वाया जातील. मार्चअखेरीस संध्याकाळी साडेचारच्या सुमारास तुमच्या दोन फुटी छज्जाची सावली पश्चिमेच्या काचेवर जेमतेम तेरा-चौदा इंच खाली येते, साडेपाचला सहा-सात इंच. फूटभर वाढवलात तर साडेचारला आणखी सहा-सात इंच मिळतील. पूर्ण चार फूट झाकायचे तर छज्जा सात फुटी लागेल. त्यात आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, आणि सांगली त्याच्या बरीच पश्चिमेला. सांगलीत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, म्हणजे कचेरी सुटेपर्यंत पश्चिमेचे ऊन घड्याळाच्या मानाने अर्धा तास जास्तच सोसावे लागते.

तुमच्या एका खिडकीचे क्षेत्रफळ 24 चौरस फूट, सव्वादोन चौरस मीटर. उभ्या पश्चिम भिंतीवर निरभ्र दुपारी चौरस मीटरला 600 वॅटच्या आसपास ऊन पडते. साधी काच त्यातले चार-पंचमांश आत घेते. हिशेब केला तर एका खिडकीमागे सुमारे 1,100 वॅट. तीन खिडक्या मिळून जवळजवळ एक टनाचा एसी केवळ उन्हाशी झुंजत बसतो. आतल्या पडद्याने डोळ्यांवरचे ऊन टळते, पण उष्णता काचेच्या आत आलेली असते. पडदा तापतो आणि खोली तापवतो. ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेरच.

उपाय आडव्या तिरप्या पट्ट्यांचा. चार इंची ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बाहेरची कड खाली अशा 45 अंशांत बसवा आणि दोन पट्ट्यांमधले उभे अंतर साडेतीन इंचांच्या वर जाऊ देऊ नका. मार्चमध्ये साडेपाचपर्यंत थेट ऊन अडते, मे महिन्यात त्याच वेळी सूर्य आणखी वर असल्याने सहज अडते. डिसेंबरात संध्याकाळी थोडी तिरीप येईल. तेवढ्यापुरता आतला पडदा पुरे. रंग पांढरा किंवा फिका घ्या, म्हणजे पट्टीच्या पाठीवरून उजेड उसळून आत जातो. फॅब्रिकेटर दर्शनी शोभेसाठी काळा किंवा तपकिरी सुचवेल. ऐकू नका. भिंतीला काटकोनात उभ्या फळ्याही नकोत: मार्चमधला दुपारचा सूर्य जवळपास समोरच असतो, तो त्यांच्या मधून सरळ आत येतो.

बसवताना बिघडते ते पुढच्या ठिकाणी. आधाराच्या चौकटीचे अंतर चार फुटांवर ठेवा, त्याहून लांब पट्टी वाऱ्यात खडखडते. अँकर (भिंतीत पकडणारे बोल्ट) लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या तुळईच्या, किंवा स्लॅबच्या काँक्रीटमध्येच मारा. विटेत आणि गिलाव्यात मारलेला सैल होतो, आणि पावसाची झड त्याच भोकातून भिंतीत उतरते. स्क्रू स्टेनलेसचे, खाली नायलॉनचा वॉशर. साधे लोखंडी गंजतात आणि भोवतालचे ॲल्युमिनियम खराब होते. काच आणि पट्ट्या यांत किमान सहा इंच मोकळे ठेवा, वरची बाजू बंद करू नका, तापलेली हवा तिथून निघून जाते. प्रत्येक खिडकीला चौकटीचा एक भाग बिजागरीवर ठेवायला आधीच सांगा, नाहीतर बाहेरून काच पुसायला जागाच राहत नाही. जुना छज्जा पाडू नका, पाऊस नैर्ऋत्येकडूनच येतो.

हाच दोन फुटी छज्जा दक्षिणेला मात्र उत्तम काम करतो. विषुवदिनी भर दुपारी तो साडेसहा फूट सावली टाकतो, डिसेंबरात सव्वादोन फुटांच्या वर. चारी बाजूंना एकाच मापाचा छज्जा काढायची आपली सवय, म्हणून कुठे तो जास्तीचा होतो आणि कुठे निरुपयोगी.

प्रश्न : साताऱ्यात आमचे कार्यालय 40 फूट खोल आहे, खिडक्या उत्तर आणि दक्षिणेला. वरची कड सात फुटांवर. मधल्या टेबलांवर दिवसभर ट्यूबलाइट लागते. खिडक्या रुंद कराव्यात का?

उत्तर : रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत कामाचा उजेड पोचतो. सात फुटांना 14 ते 17 फूट. कड नऊ फुटांवर नेली तर 18 ते 22. दोन्ही बाजूंनी मिळून तुमचे 40 फूट बहुतेक भागतात. फॉल्स सीलिंग आठ फुटांवर आणलेले असेल तर ते खिडकीपासून चार-पाच फूट अलीकडेच थांबवा. दक्षिणेला सात फुटांवर दीड-दोन फुटी पांढरी आडवी फळी बसवली तर खालच्या काचेला सावली मिळते आणि वरच्या काचेतून उजेड छताकडे उसळतो. त्यासाठी छत पांढरे आणि फळी धुळीपासून स्वच्छ हवी. केबिन खिडकीलगत असतील तर चार फुटांच्या वर प्लायऐवजी काच लावा. साहेब उजेडात आणि कारकून अंधारात, ही मांडणी वीजबिलात दिसते.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दिव्यांची बटणे. इलेक्ट्रिशियन सहसा खिडकीपासून आतपर्यंतची आडवी ओळ एका बटणावर जोडतो. मग खिडकीशी भरपूर उजेड असला तरी आतल्या टेबलासाठी सगळी ओळ पेटते. खिडकीला समांतर ओळींना वेगवेगळी बटणे द्या. टेबलावर 300 ते 500 लक्स (उजेडाचे एकक) पुरतात. साध्या लक्समीटरने सकाळी अकरा आणि दुपारी चारला मोजून ठरवा. संगणकाचा पडदा खिडकीला काटकोनात ठेवा.

प्रश्न : कराडला नव्या इमारतीला गडद काळी काच घ्यावी, असे बिल्डर म्हणतो.

उत्तर : रंगावर जाऊ नका. काचेच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात : एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते, आणि व्हीएलटी, म्हणजे किती उजेड येतो. ईसीबीसी 2017 या ऊर्जा संहितेत उत्तर सोडून इतर बाजूंना आपल्याकडच्या उष्ण हवामानासाठी पहिला 0.27 च्या वर नको आणि दुसरा 0.27 च्या खाली नको, असे होते. ती 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए मागणीपासून लागू होती. लहान इमारतीलाही कसोटी म्हणून चालते. रंगवलेली काळी काच उष्णता स्वतःत शोषते आणि उजेडही मारते, म्हणून दिवे दिवसा पेटतात. जुन्या साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवायची असेल तर जास्त जपा : अर्धी काच सावलीत आणि अर्धी उन्हात असली की तापमानातल्या फरकाने कडेपासून तडा जातो.

प्रश्न : तात्पुरती हिरवी शेडनेट चालेल?

उत्तर : एका उन्हाळ्यापुरती चालेल, खिडकीबाहेर फूटभर अंतरावर ताणून. पण हिरवी नेट कागदावर हिरवट उजेड टाकते, पांढरी घ्या. जूनआधी उतरवा, नाहीतर वादळी पावसात शिडासारखी फुगून हूक उपटते.