ट्रायकोकार्ड घरी करणं परवडतं का?

प्रश्न: माझी चार एकर कपाशी आहे, शिवाय थोडी तूर न हरभरा. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड मागवले तर वेळेवर येत नाहीत, आले तरी माश्या वाटेतच निघालेल्या असतात. मोबाईलवर बघितलं, लोक घरीच करायलेत. लॅब न टाकता जमंल का? अन् तेच कार्ड हरभऱ्यात चालतील का?
— एक शेतकरी, ता. परतूर, जि. जालना

उत्तर: जमतं, पण एकट्याच्या चार एकरासाठी या भानगडीत पडू नका, पाच-सात जण मिळून करा. कारण कार्डावरची ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीची अंडी मारणारी बारीक मित्रमाशी, वाढते दुसऱ्याच्या अंड्यात, म्हणजे आधी कोर्सेरा हा धान्यातला पतंग पाळायचा आणि सगळा वेळ त्यातच जातो. एका टबाला अडीच किलो ज्वारीची भरड, गोळी-पावडर लावलेली ज्वारी अजिबात नको, अळ्याच मरतील. भरड चांगली तापवून गार करा, त्यात १०० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, ५ ग्रॅम यीस्ट, ५ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक, वरून अर्धा सीसी कोर्सेराची अंडी भुरभुरायची आणि कापड ताणून बांधायचं. पतंग निघायला ४०-४५ दिवस लागतात, आणि इथंच बहुतेकांचं गणित चुकतं, कपाशीला पाते-फुलं लागल्यावर टब भरायला घेतात! कपाशी लावली की लगेच पहिला टब भरा आणि मग दर आठवड्याला एक-दोन भरत राहा.

पतंग जाळीच्या बुडाच्या डब्यात ठेवले की अंडी खाली पडतात, ती चाळून १५ वॅटच्या यूव्ही ट्यूबखाली अर्धा-पाऊण तास ठेवायची (ट्यूबकडं बघू नका, डोळे जातील). ही ट्यूब टाळून पैसे वाचवू नका, नाहीतर अंड्यातून कोर्सेराच्याच अळ्या निघतात आणि कार्ड खाऊन टाकतात. मग डिंक लावून कार्डावर चिकटवा, सहा नव्या कार्डांना एक मदर कार्ड (ट्रायकोग्रामाच्या माशा निघायला आलेलं तयार कार्ड) पुरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळी पडली म्हणजे काम झालं, सात-आठ दिवसांत माशा बाहेर. त्याआधी शेतात लावायचं जमणार नसेल तर काळं कार्ड फ्रिजमध्ये १० डिग्रीला ठेवा, काही दिवस थांबतं. पतंगाची भुकटी नाकात गेली की दम लागतो, मास्क लावाच.

कपाशीला एकरी ६० हजार माशा, म्हणजे साधारण तीन कार्ड, दर आठवड्याला. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, संध्याकाळी. मदर कार्ड मागताना बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात आहे का ते विचारा, परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करायला हरकत नाही. आणि कार्ड लावून लगेच फवारणी केली तर सगळं पाण्यात, हे सांगायला नको.

हरभऱ्यात मात्र नको. त्याच्या पानांवरच्या आंबात ही माशी टिकत नाही, तुरीतही फार काही हाती लागत नाही. घाटेअळीला एचएएनपीव्ही (अळीला रोग लावणारा विषाणू) फवारा, पक्षीथांबे लावा.

प्रश्न: आमच्या बचत गटाच्या टबात अळ्या लुळ्या पडून मरायल्यात, अन् बारीक माशा फिरायल्यात. औषध मारावं का?
— महिला बचत गट, जि. परभणी

उत्तर: औषध नको! ती बहुतेक ब्रॅकॉन, तीही मित्रकीटकच, पण तुमच्या टबात शत्रू. अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. तो टब आजच दुसऱ्या खोलीत न्या, बाकीच्यांचं कापड बारीक विणीचं करा, फटी बंद करा. आता गंमत बघा, पश्चिम आफ्रिकेत नायजर वगैरे देशांत हीच माशी मुद्दाम पाळतात. तागाच्या लहान पिशवीत थोडी बाजरी, बाजरीचं पीठ, २५ कोर्सेराच्या अळ्या आणि दोन माद्या टाकायच्या, पिशवी गावात-शेतात टांगायची. नव्या माशा तागाच्या विणीतून बाहेर पडतात, पतंग आतच अडकतो. ते त्यांच्या बाजरीच्या कणसातल्या अळीसाठी. आपल्या बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत ब्रॅकॉन सहसा पोचत नाही, म्हणून कपाशीसाठी तिच्या भरवशावर राहू नका.