मिरवणुकीतला बेंजो आणि अमेरिकेतला बँजो

प्रश्न असा आहे : 'गणपतीच्या मिरवणुकीत आमच्याकडे बेंजो वाजतो. इंटरनेटवर बँजो शोधला तर डफाला दांडा लावल्यासारखं भलतंच वाद्य दिसतं. मग आपण चुकीचा शब्द वापरतो का? आणि बोंगो यांच्यातलाच का?'

चुकीचा मुळीच नाही. नाव एकच आहे, वाद्यं मात्र दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत.

डफाला दांडा ही उपमा झकास. अमेरिकन बँजो म्हणजे गोल कडं, त्यावर ताणलेलं चामडं (हल्ली बहुधा प्लास्टिक) आणि लांब मान. पाच तारांच्या बँजोत एक तार आखूड असते. तिची खुंटी मानेच्या अध्येमध्येच असते आणि ती अंगठ्याने अधूनमधून छेडत राहतात, आपल्याकडे सतारीवर चिकारीच्या तारा छेडतात तशी. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत हे वाद्य घडवलं. तेव्हा पोट भोपळ्याचं असे. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं 'अकोंटिंग' आजही भोपळा, चामडं आणि तीन तारा असंच आहे. शब्दाचं मूळ बरेच जण अंगोलातल्या किंबुंदु भाषेतल्या 'म्बांझा' या शब्दाकडे नेतात.

आता आपला बेंजो. लांबट चपटी पेटी, तिच्यावर आडव्या तारा आणि टंकयंत्रासारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबली की खालची पट्टी तारेवर टेकते आणि सूर बदलतो, उजव्या हातात तारा छेडायची नखी. ना चामडं, ना मान. हे मूळचं जपानी 'ताइशोगोतो'. 1912 मध्ये, ताइशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी, नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी ते काढलं. 'गोतो' म्हणजे 'कोतो', जपानचं पारंपरिक तंतुवाद्य. कळांची कल्पना त्यांना टंकयंत्रावरूनच सुचली. भारतात आल्यावर त्याचं बारसं 'बुलबुलतरंग' असं झालं. नाव गोड आहे, पण मला ते जरा खटकतं. जलतरंगात वाट्या मांडलेल्या असतात, तबलातरंगात तबले, आणि वाजवणारा एकावरून दुसऱ्यावर जातो. इथे तसा काही संच नाही. लोकांनी ते नाव दुकानदारांसाठी ठेवलं आणि स्वतः बेंजोच म्हणत राहिले. तिकडे बलुचिस्तानात याच वाद्याची मोठी आवृत्ती 'बेंजू' म्हणून वाजते.

गंमत म्हणजे घडण पाहिली तर अमेरिकन बँजोला आपला सरोद जास्त जवळचा. त्याच्याही पोटावर चामडंच ताणलेलं असतं.

मराठीत हा शब्द पुढे आणखी पसरला. 'यंदा मंडळाने बेंजो सांगितलाय' म्हणजे एक वाद्य नव्हे, अख्खा ताफा : टेम्पो, जनरेटर, भोंगे, ढोल-ताशे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि या सगळ्यात कर्ण्यातून किणकिणणारा तो एक विजेवरचा बेंजो. 'बँड लावला' म्हणताना आपण तरी कुठे एखादं वाद्य मोजतो! सुपारी घेतात तीही 'बेंजोची'च.

उरले नावाचे तोतये. बोंगो म्हणजे क्यूबातली जोडीने वाजणारी छोटी चर्मवाद्यं. तार एकही नाही, नातं काहीच नाही. कुणी 'बंजारा'वरूनही बँजोची उपपत्ती लावतं, पण तो शब्द वणज-वाणिज्याच्या बाजूचा मानतात.

लिहावं कसं? इंग्रजीतला तो तोंड वासून म्हणायचा 'ॲ' आपल्याकडे कुठे 'ब्या' होतो, कुठे सरळ 'बे'. ब्यांडचा बँड झाला, तसा ब्यांजोचाही बँजो झाला असता. पण रस्त्यावर बेंजो रुळला आणि ते बरंच झालं. मी अमेरिकन वाद्याला बँजो आणि मिरवणुकीतल्याला बेंजो लिहितो. मागे एका वाद्यांच्या दुकानात मी 'बँजो आहे का' विचारलं, तर मालक म्हणाले, "आपला बेंजो, की तो अमेरिकन?" म्हणजे हा फरक मी शोधलेला नाही, गल्ल्यावर आधीच झालेला आहे.

दोन्ही शब्द पुल्लिंगी. अनेकवचनात बदलत नाहीत, सामान्यरूपातही 'ओ' तसाच राहतो : बेंजोची तार, बेंजोवर वाजवलेलं गाणं, बेंजोवाले.