मुलींचा साचा मोडायचाय? मग आधी ते कराटे काढा

तुम्ही विचारलंय: ‘सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची खुनाची रहस्यकथा लिहितोय. नायिका साचेबद्ध वाटू नये म्हणून ती कराटे खेळणारी, कधीही न रडणारी, मुलींच्या घोळक्यात न रमणारी दाखवली आहे. एवढं पुरेल का? आणि शवविच्छेदनाची माहिती किती लागेल?’

नाही पुरणार. उलट इथेच फसाल. मुलीचा साचा काढून तिला मुलाच्या साच्यात बसवलं, तर मोडलं काय? ‘माझं मुलींशी पटत नाही’ म्हणणारी आणि नटण्याथटण्याला नाक मुरडणारी नायिका इतक्यांनी लिहिली आहे की आता तिचाच ठोकळा झालाय.

हे मी स्वतः करून बसले आहे, म्हणून एवढं तावातावाने लिहितेय.

बारा वर्षांपूर्वी मी माझी पहिली कुमार-रहस्यकथा एका प्रकाशकाकडे दिली. वसतिगृहात राहणाऱ्या पाच मैत्रिणी, त्यातली एक मरते. जिन्यावरून पडली, असं सगळ्या मोठ्या माणसांनी ठरवून टाकलेलं. उरलेल्या चौघींतली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी मृतदेहाकडे बघते आणि एवढंच म्हणते, ‘ही वेणी तिने घातलेली नाही.’

लांब केसांची वेणी रोज स्वतःची स्वतः घालणारीला हे लगेच कळेल. सुरुवातीला हात मागे मानेवर असतात. वेणी खाली उतरली की हात पुरत नाहीत, मग शेपटा खांद्यावरून पुढे घ्यावा लागतो. तिथे पेडांची ओढ बदलते आणि वेणी एका अंगाला वळते. गेलेल्या मुलीची रोजची वेणी अशीच वळलेली असायची. त्या दिवशीची मात्र मानेपासून रबरबँडपर्यंत सरळसोट होती. म्हणजे कुणीतरी मागे उभं राहून ती घातली होती. आपण वेणी कुणाकडून घालून घेतो? जिच्याकडे पाठ करून बसायला भीती वाटत नाही तिच्याकडून. आणि अशी एकच मुलगी होती, जी ‘त्या संध्याकाळी मी तिला भेटलेच नाही’ असं शपथेवर सांगत होती.

या वेणीवर मी अकरा पानं लिहिली होती. तिघी रात्री पलंगावर बसून एकमेकींच्या वेण्या घालतात, सोडतात, पुन्हा घालतात. कुणाची वीण घट्ट, कोण डावीकडचा पेड आधी उचलते, ते ताडून बघतात. माझ्या गोष्टीतली प्रयोगशाळा ती.

संपादकांनी त्या पानांवर तिरप्या रेघा मारल्या. समासात लिहिलं, ‘बायकी तपशील. गती जाते.’ भेटल्यावर म्हणाले, ‘बाई, साचा मोडायचाय ना तुम्हाला? मग पोरीला कराटे येऊ द्या. चारचौघींसारखी दाखवू नका.’ मी नवखी होते, पुस्तक निघावं अशी फार इच्छा होती. मी कराटे घातलं. ती भिंतीवरून उडी मारते, गुन्हेगाराचा हात पिरगाळते, तो कबूल करतो. बाकीच्या तिघी तोवर घाबरून रडत बसतात, कारण तिला वेगळी दाखवायची तर त्यांना बावळट करणं भाग होतं.

पुस्तक निघालं. एका वाचनालयातल्या कार्यक्रमात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी उठली आणि म्हणाली, ‘ती हुशार आहे हे दाखवायला बाकीच्या मूर्ख कशाला केल्या?’ मला उत्तर देता आलं नाही.

‘बायकी तपशिलां’चं काय होऊ शकतं, ते फ्रान्सिस ग्लेसनर ली या अमेरिकन बाईंनी 1940च्या दशकात दाखवून दिलं. त्यांनी बाहुलीघरं बनवली, एका फुटाला एक इंच या प्रमाणात. प्रत्येक घरात एक मृत्यू. इवलेसे मोजे टाचणीएवढ्या सुयांवर स्वतः विणले, बाहुल्यांच्या अंगावरचे मृत्यूनंतरचे डाग नेमक्या छटांत रंगवले. घटनास्थळ कसं वाचायचं, हे तपास अधिकारी या घरांवरून शिकले. विणकाम आणि बाहुल्या यांतूनच ते शिक्षण उभं राहिलं. 1943 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं. त्या संपादकांशी बोलताना मला हे माहीत असतं तर!

आणि काटछाटीचा हा रोग जुनाच आहे. अमेरिकन कुमार-रहस्यकथांतली गुप्तहेर नायिका नॅन्सी ड्रू 1930 मध्ये आली तेव्हा सोळा वर्षांची, स्वतःची गाडी हाकणारी, मोठ्यांना फटकन बोलणारी होती. 1959 पासून त्या जुन्या गोष्टी पुन्हा लिहून काढल्या गेल्या. ती अठरांची झाली आणि बरीच गुणी, मवाळ झाली.

तेव्हा तुमच्या मुलींना एकमेकींत राहू द्या. त्यांना गप्पा मारू द्या, आणि महत्त्वाचा धागा त्या गप्पांतच टाका. रहस्यकथेत पुरावा वाचकासमोर उघड ठेवावा लागतो, तरी तो त्याच्या नजरेतून निसटला पाहिजे. मुलींच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नाही, तुमचा वाचकही देणार नाही. एवढी चांगली लपवायची जागा हातची घालवू नका. त्यांचे तर्क चुकू द्या, त्यावरून भांडणं होऊ द्या. रडूही द्या, रडून झाल्यावर माणूस विचार करू शकतो. खून मुलीने केला असेल तर कारण ‘एका मुलावरून मत्सर’ हे नको, कृपा करून. पैसा, भीती, चोरलेलं श्रेय, काहीही चालेल. आणि जी मेली तिला फक्त सुंदर प्रेत करून ठेवू नका. मरण्याआधीच्या आठवड्यात ती कुणावर चिडली होती, काय लपवत होती, हे तुम्हाला खुन्यापेक्षा जास्त माहीत हवं.

शवविच्छेदनाचं थोडक्यात सांगते. मृत्यूनंतर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे डाग पडतात. साधारण आठ ते बारा तासांनी ते पक्के होतात. प्रेत उताणं आहे आणि डाग छातीपोटावर, तर कुणीतरी ते नंतर उलटवलं. हे तास हवामान आणि शरीरानुसार बदलतात, म्हणून नायिकेच्या तोंडी ‘नऊ वाजून दहा मिनिटांनी मेली’ असलं काही घालू नका. ते काम गोष्टीतल्या डॉक्टरांचं.

एक राहिलंच. कराटे शिकणाऱ्या मुलींबद्दल माझी काही तक्रार नाही. तुमच्या नायिकेला ते खरोखर आवडत असेल, तिचे गुडघे त्यापायी दुखत असतील, तर जरूर ठेवा. माझ्या नायिकेला ते आवडत नव्हतं.

यंदा त्या पुस्तकाची नवी आवृत्ती दुसरीकडून निघतेय. कराटेचं प्रकरण काढलंय, वेणीची अकराही पानं परत घातली आहेत. त्यांतलं एक वाक्यसुद्धा कमी केलेलं नाही.